हिवाळेबाईंचं क्रियापद

इंग्रजीत अर्ज लिहून मी एकदा मेलो आहे. घरात ही हकिकत इतक्या वेळा सांगून झालीय की आमची मुलं पहिल्या वाक्यालाच ताटावरून उठतात. तुम्ही बसा.

झालं असं, की एकाहत्तर सालच्या भाद्रपदात मला हिवताप आला आणि तीन दिवस मी शाळेत गेलो नाही. शाळा म्हणजे कर्जत तालुक्यात, मिरजगावपासून चार कोस आत, आमच्या गावचं हायस्कूल. आणि मी तिथला कारकून. कारकुनाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. त्या पदवीनं माणूस जरा फुगतो, तसा मीही फुगलेला होतो. शाळेत टाइपरायटर एकच, आणि तो माझ्या ताब्यात. रजेचा अर्ज मराठीत चार ओळींत झाला असता. पण मी तो इंग्रजीत ठोकला आणि त्यात पेपरात वाचलेला एक कोरा करकरीत शब्द घातला. 'सकम'. कुठल्याशा पुढाऱ्याच्या बातमीत तो होता. त्याचा आवाज मला आवडला. तापापुढं माझं काही चाललं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. 'सोमवारी मी तापाला सकम झालो, सबब तीन दिवसांची रजा मिळावी.'

हेडमास्तर नगरला गेले होते आणि चार्ज होता इंग्रजीच्या हिवाळेबाईंकडे. दुपारी अर्ज परत आला. समासात तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'रजा मंजूर. मयत इसमास कामावर येण्याची सक्ती करता येत नाही.'

मी तसाच बाईंकडे गेलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि घरी सुतक कोण धरतंय, असं विचारलं. मग समोर बसवून शब्द समजावून दिला. आपल्याहून जबरदस्त गोष्टीपुढं टिकाव न लागणं, नमणं, म्हणजे सकम. माणूस मोहापुढं नमतो, दडपणापुढं नमतो, तिथंही हेच क्रियापद चालतं आणि माणूस जिवंत राहतो. पण ताप, रोग, जखम यांच्यापुढं सकम झाला असं लिहिलं, की तो त्यातच गेला असं जग समजतं.

"आणि तुम्ही तर समोर उभे आहात," बाई म्हणाल्या. "म्हणजे एक तर तुम्ही खोटे, नाही तर अर्ज."

बाई मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती, एकट्या. आमच्या गावी आल्या तेव्हाच पन्नाशी ओलांडलेल्या. अंगानं ठेंगण्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पांढरं लुगडं निळ्या काठाचं, आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. बूट का, असं गावात पहिल्या वर्षी सगळ्यांनी एकमेकांना विचारलं. बाईंना कुणी विचारलं नाही. बारा महिने हातात काळी छत्री. पाऊस आमच्याकडे आला तर आला. छत्री उन्हासाठी, कुत्र्यांसाठी आणि फळ्याची वरची ओळ दाखवण्यासाठी होती. चहा बिनदुधाचा. तो काळा चहा पिऊनच बाई कडू झालीय, असं गावाचं ठाम मत होतं. आमच्या मंडळींचं मत वेगळं. ती म्हणायची, कडू नाहीत, फक्त साखर घालायला कुणी नाही. बाईंच्या घरी ही दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन जायची आणि येताना कसलं तरी लोणचं घेऊन यायची. दोघी काय बोलायच्या, मला कधी कळलं नाही.

शिकवण्याची त्यांची एक रीत होती. क्रियापद आलं, की मुलांनी तीन प्रश्न विचारायचे: कुणी केलं, कुणाला केलं, आणि तिथं कोण होतं. पहिले दोन ठीक. तिसरा कुठल्याच व्याकरणात नाही, असं मी एकदा त्यांना म्हणालो. त्या म्हणाल्या, म्हणूनच तो विचारावा लागतो.

या तिसऱ्या प्रश्नानं एकदा शाळेची ग्रँट जायची वेळ आली होती. इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले. नववीच्या वर्गात त्यांनी एक वाक्य भाषांतराला दिलं, राजानं गरिबांना जमिनी दिल्या. मागच्या बाकावरचा एक काटकुळा मुलगा उभा राहिला आणि त्यानं अदबीनं विचारलं, "सायब, कुठल्या गरिबाला? आन् तितं कोन हुतं?" साहेबांचा चेहरा उतरला. हेडमास्तरांनी बाईंकडं पाहिलं, की काही तरी बोला, सावरा. बाई सावरायला उठल्या, असं आम्हाला वाटलं. त्या साहेबांना म्हणाल्या, "सांगा ना. मुलं थांबली आहेत."

ग्रँट गेली नाही. पण शेऱ्याच्या वहीत बाईंबद्दल 'ताठर' असा शब्द आला. बाईंनी तो वाचला आणि विशेषण योग्य आहे, असं म्हणून खाली सही केली.

गावातला कुठलाही इंग्रजी कागद बाहेर जाण्याआधी माझ्याकडे टाइपाला यायचा आणि माझ्याकडून बाईंकडे तपासायला जायचा. सोसायटीचा असो, ग्रामपंचायतीचा असो, की कुणाच्या मुलाच्या नोकरीचा. तशी वहिवाटच पडली होती. बाई तांबड्या पेन्सिलीनं चुका काढायच्या आणि अर्जाच्या शेवटची 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' ही ओळ न चुकता खोडायच्या. एक म्हातारबाबा कळवळून म्हणाले, ती वळ ऱ्हाऊ द्या बाई, सायब खूश हुतो. बाईंनी विचारलं, तुम्ही त्या साहेबाचे नोकर आहात का? बाबा म्हणाले, न्हाई. "मग खोटं कशाला लिहिता?" अर्ज मंजूर-नामंजूर व्हायचं प्रमाण ओळ खोडल्यावरही पहिल्यासारखंच राहिलं, एवढं मी कारकून म्हणून सांगू शकतो.

आणि शाळेच्या फाटकाशी तो फळा. बाजाराच्या रस्त्याला तोंड करून लावलेला. त्यावर बाई रोज प्रार्थनेआधी स्वतः लिहायच्या, 'आजचे क्रियापद'. वर इंग्रजी शब्द, खाली मराठीत अर्थ, आणि एक वाक्य. मुलांसाठी होता, पण सगळं गाव वाचायचं. आमचा सलूनवाला गिऱ्हाइकाला मान 'सरेंडर' करायला सांगायचा.

मग बहात्तर आलं. त्या सालाबद्दल मी वेगळं काही सांगत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून समजत नाही. गावाच्या उगवतीला माळावर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं. निम्मी शाळा आईबापाबरोबर तिकडे घमेली उचलायला गेली. वर्गात आठ-दहा मुलं उरली, तरी बाईंचा फळा रोज भरलेला असायचा. वाचणारे आता कामावर जाता-येता वाचायचे.

तलावाच्या बांधाला लागणारी माती शेजारच्या मोठ्या खड्ड्यातून काढायची. आठवड्यानं मोजमाप व्हायचं आणि मोजमाप झाल्यावर मजुरी बसायची. खड्डा किती खोल खणला हे कळावं म्हणून मध्ये मध्ये मातीचे खुंट तसेच न खणता ठेवत. खुंटाचा माथा म्हणजे मूळची जमीन. त्याची उंची तेवढी खोदाई. त्यामुळं मोजमाप होईपर्यंत बाया त्या खुंटांना लेकरासारखं जपायच्या. खुंट ढासळला तर आठवड्याची मेहनत मातीत.

त्र्याहत्तरच्या मार्चात, एका सोमवारी, त्या कामावर सोजर नावाची एक तरुण बाई मेली. गावात पहिली बातमी आली ती दरड कोसळल्याची. संध्याकाळपर्यंत बातमी बदलली. सोजरला आधीपासून ताप होता, ती कामावर येऊन सावलीला बसली आणि तिथंच संपली, असं मुकादम सांगायला लागला. दुसऱ्या दिवशी आणखी पुढं गेली: तापानं फणफणलेल्या सुनेला सासूनं घरातनं हुसकून कामाला धाडलं.

बुधवारी तलावाच्या कामावरच्या सरकारी ओव्हरसियरचा माणूस माझ्याकडे कागद घेऊन आला. नगरला पाठवायचा इंग्रजी रिपोर्ट. नेहमीसारखा टाइप करून, बाईंच्या नजरेखालून घालून द्या, असा निरोप. रिपोर्टात लिहिलं होतं की मजूर सोजर ही अगोदरपासून अशक्त होती. खड्डा जेमतेम कमरेइतका असल्यानं दरड पडण्याचा प्रश्नच नव्हता. ती तापाला सकम झाली.

बाईंनी कागद दोनदा वाचला. पेन्सिल हातातच राहिली. मला वाटलं, काही चूक नसावी. तसं मी म्हणालोही.

"इंग्रजी बिनचूक आहे, भाऊसाहेब," बाई म्हणाल्या. "ओव्हरसियरांचं इंग्रजी आज पहिल्यांदाच बिनचूक आलंय. म्हणून संशय येतो."

त्यांनी कागद टेबलाच्या खणात ठेवला.

त्याच दुपारी सोजरची सासू कोंडाबाई शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. हाडं उरलेली म्हातारी. ती रडत नव्हती. बाईंनी तिला काळा चहा दिला, तो तिनं तोंड वाकडं करून पिऊन टाकला. बाईंनी विचारलं, सोजरला ताप होता का?

"कुठला ताप, बाई? सकाळी धा भाकरी थापल्या तिनं. माज्या डोक्याला त्याल लावलं आन् गेली. दरड खालनं पोखरल्याली हुती, ती अंगावर आली. समद्या बायांनी बघितलं. पर मुकादम म्हनतो, जी बोलंल तिची हजेरी कापीन." तिनं कप खाली ठेवला. "आता लोक माज्या तोंडावर म्हनत्यात, थेरडीनं सून मारली. तुमी कागुद लिवता म्हनं. त्यात तेवडं लिवा, की म्या तिला तापात धाडली न्हाई."

बाई तिला म्हणाल्या, की मी पाहिलं नाही ते मी लिहीत नाही. रविवारी पाहते, मग लिहिते. कोंडाबाईला हे किती पटलं कोण जाणे. ती उठून गेली.

रविवारी बाई मिरजगावला प्रार्थनेला जायच्या. त्या रविवारी गेल्या नाहीत. सकाळी सातला माझ्या दारात उभ्या. टेप घ्या आणि चला, म्हणाल्या. माळापर्यंत तासभराची चाल. त्यांचे कॅनव्हासचे बूट पुढं आणि माझ्या वहाणा मागं. तिथं पोचल्यावर लक्षात आलं की टेप मी शाळेतच विसरलो. ते मी मुद्दाम केलं की काय, हे मला आजही सांगता येणार नाही.

कामाला सुट्टी होती, तरी खड्ड्याच्या काठावर सात-आठ बाया बसलेल्या होत्या. ओव्हरसियर घटनेपासून मोजमापाला फिरकलाच नव्हता, आणि मुकादमाची माणसं दोनदा येऊन खुंट पाडा म्हणून सांगून गेली होती. बायांनी पाडू दिले नव्हते. सोजरसाठी म्हणून नव्हे, हेही खरं. मोजमाप झालं नव्हतं म्हणून. खुंट गेला की मजुरी गेली, एवढंच त्यांच्या डोक्यात. पण त्या हट्टानं पुरावा जागच्या जागी उभा होता.

बाई उतरणीवरनं बसत-घसरत खाली गेल्या आणि एका खुंटाशी उभ्या राहिल्या. काठावरनं मला त्यांची आख्खी आकृती दिसली आणि तिच्या डोक्यावर हातभर उंच तो मातीचा खुंट. टेप नव्हता, म्हणून त्यांनी छत्री लावली. एक छत्री, दोन छत्र्या, आणि वर मूठ. मागच्या भिंतीला खालून पोखरलेलं होतं. वरचा भाग ओठासारखा पुढं आलेला. एका जागी तो ओठ तुटलेला होता आणि खाली ताज्या मातीचा ढीग.

"इथं?" बाईंनी वर बघून विचारलं. काठावरच्या बायांतली एक म्हणाली, "व्हय. तितंच. आमी हातानं उकरून काडली."

"तुमचं नाव?"

तिनं नाव सांगितलं. मग दुसरीनं सांगितलं. मी टेप विसरलो होतो, पण कागद-पेन्सिल खिशात होती; ती बाईंनी माझ्याकडून घेतली आणि नावं स्वतः लिहिली.

सोमवारी ओव्हरसियरचा रिपोर्ट त्याला परत गेला. 'सकम' या शब्दाभोवती तांबडं वर्तुळ आणि समासात मराठीत, 'तिथं कोण होतं?' सोबत एक वेगळा कागद, बाईंच्या अक्षरात: पोखरलेली दरड अंगावर पडून सोजर दगावली, खड्डा पुरुषभर खोल आहे, पाहणाऱ्यांची नावं ही.

मंगळवारी शाळेच्या ऑफिसात संस्थेचे चेअरमन आले. गावात त्यांना अण्णा म्हणत. माणूस वाईट नव्हता. शाळा त्यांनीच उभी केली होती. पण तलावाचं काम गावाला त्यांनीच आणलं होतं, आणि चौकशी लागून काम बंद पडलं तर गाव काय खाईल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. माती-दगडाचा हिशेब ज्या मुकादमाकडे, तो त्यांचा भाचा, हेही खोटं नव्हतं.

अण्णांनी आवाज चढवला नाही. "बाई, येका शब्दाचा तर सवाल हाय," ते म्हणाले. "मेलेली काय परत यायची न्हाई. पाचशे मान्सं कामावर हायेत."

"एकाच शब्दाचा असेल तर तुमचा सोडा, अण्णा. माझाच का?"

"तुमी शिकवायचं काम करा."

"तेच करतेय."

अण्णा उठले. दारापर्यंत गेले, वळले, ओव्हरसियरचा परत गेलेला कागद माझ्यापुढं ठेवला आणि बाईंकडे न बघता मला म्हणाले, की भाऊसाहेब, वरिजनल कागद टाइप करून संध्याकाळी वाड्यावर आणून द्या, बाईंना तरास नको.

आता इथं मी काय केलं, ते सांगायला हवं. मला तीन मुलं, नोकरी संस्थेची, राहतं घर संस्थेच्या मेहेरबानीचं. असली कारणं माझ्याकडे तेव्हाही भरपूर होती आणि आजही आहेत. मी टाइप केला. एकही चूक न होता. माझ्या आयुष्यात इतकं स्वच्छ टायपिंग मी कधी केलं नाही. कार्बन कॉपी फाइलला लावली, कारण कारकुनाला कॉपी न लावता चैन पडत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ती पाहिली. मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "छान टाइप झालंय." आणि खडू घेऊन बाहेर गेल्या.

तो बुधवार, म्हणजे आमचा बाजाराचा दिवस. फळ्यावर त्या दिवशी नेहमीसारखं 'आजचे क्रियापद' होतं. खाली 'सकम' आणि त्याचा अर्थ: आपल्याहून जबरदस्त गोष्टीपुढे नमणे, टिकाव न लागणे, त्यातच मरणे. मग एक सूचना: हे क्रियापद वापरणाऱ्याने ती जबरदस्त गोष्ट कोणती हे खरे सांगावे. आणि उदाहरणाचं वाक्य, वर इंग्रजीत, खाली मराठीत, बोटभर जाड अक्षरांत: 'सोजर तापाला बळी पडली नाही. तिच्या अंगावर पोखरलेली दरड पडली. तिला सासूने आजारी असताना कामाला पाठवले नव्हते.'

बाजाराला जाणारा माणूस तिथं थांबला नाही असं झालं नाही. ज्याला वाचता येत नव्हतं, त्याला शेजारचा वाचून दाखवत होता. दुपारी हेडमास्तरांनी शिपायाला पुसायला लावलं. गुरुवारी सकाळी तोच मजकूर पुन्हा. दुपारी पुन्हा पुसला. शुक्रवारी पुन्हा. आमचा शिपाई कोरड्या फडक्यानं इतक्या हलक्या हातानं पुसायचा, की पुसल्यावर अक्षरं लांबून जास्त नीट दिसायची. हेडमास्तर बाईंना म्हणाले, निदान शब्द तरी बदला, रोज एकच क्रियापद कसं चालेल? बाई म्हणाल्या, मुलांना हे अजून आलेलं नाही. आलं की बदलते.

असं नऊ दिवस चाललं. मी रोज फाटकातनं आत जाताना फळ्याकडं न बघता जायचो. मान वळवून चालायचं कसब मला तेव्हा जमलं.

दहाव्या दिवशी कामांची पाहणी करायला नगरहून एक तरुण अधिकारी जीपमधून आला. नवखा होता. आमच्या गावात एवढ्या ठळक अक्षरात इंग्रजी बघून त्यानं गाडी थांबवली. उतरून सगळं वाचलं. हे कुणी लिहिलं, असं विचारलं, तेव्हा बाई वर्ग सोडून बाहेर आल्या आणि मी, म्हणाल्या. पुढचं त्याला त्यांनी सांगितलं नाही. तुम्हीच बघा, खुंट अजून उभे आहेत, असं म्हणून छत्री घेऊन जीपमध्ये बसल्या.

त्या संध्याकाळपर्यंत खड्डा मोजला गेला, पोखरलेली भिंत पाडली गेली, बायांची नावं आणि अंगठे घेतले गेले. त्या दिवशी बाया बोलल्या. एकीनं तोंड उघडलं आणि मग मुकादमाला कुणाची हजेरी कापावी हे सुचेना. काम बंद पडलं नाही; मुकादम बदलला, आणि खालून पोखरायचं बंद झालं. नवा रिपोर्ट गेला, तो त्या अधिकाऱ्यानं स्वतः लिहिला. सोजरच्या नावापुढं दरड आली. गावात कोंडाबाईला कुणी थेरडी म्हणायचं बंद झालं असं नाही, पण सुनेवरून म्हणायचं बंद झालं.

बाईंनी फळ्यावर दुसरं क्रियापद लिहिलं. ते कुठलं होतं, मला आठवत नाही.

पंधरा दिवसांनी बाईंच्या बदलीचा कागद आला. तो मीच टाइप केला होता, हे सांगायला नको. सोनईच्या बाजूला एका वाडीवर संस्थेनं नवी शाळा काढली होती, तिथं. कारण दिलं होतं शाळेच्या फळ्याचा बाह्य कामासाठी वापर. रिटायर व्हायला बाईंना दीड वर्ष उरलं होतं. गावातल्या चार जाणत्या लोकांनी अण्णांकडे रदबदली केली. अण्णाही आतून अवघडलेले होते. त्यांचीच मुलगी बाईंच्या हातून मॅट्रिक झालेली. ज्या दिवशी बाई जायच्या होत्या, त्या सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, बाईंनी नुसतं दिलगिरीचं एक पत्र द्यावं, दोन ओळींचं. मी बदली आजच्या आज फाडतो. "लिव तूच. नुस्ती सही घे."

मी लिहिलं. इंग्रजीत, कारण बाईंना द्यायचं होतं. घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं आणि यष्टीच्या थांब्यावर गेलो.

थांबा म्हणजे एक लिंब आणि त्याखाली दगड. आमची मंडळी आधीच तिथं येऊन बाईंजवळ उभी होती, हातात भाकरी आणि ठेच्याचा डबा. बाईंचं सामान एक ट्रंक आणि पुस्तकांचं एक गाठोडं. आणि पलीकडं, कामावर खाडा करून, खड्ड्यातल्या त्या सात-आठ बाया. कोंडाबाई पुढं. निरोप द्यायला आलेल्या माणसांना बोलायला यावं लागतं, ते त्यांना येत नव्हतं आणि मला तर त्या दिवशी मुळीच नव्हतं.

मी बाईंना बाजूला घेऊन कागद दिला. अण्णांचा निरोप सांगितला. तोंडानं मी असंही म्हणालो, की बाई, दीडच वर्ष राहिलंय, एवढं करा, आता सगळं तर मिटलंय. आणि खरंच मला त्या जायला नको होत्या, हे देवाशपथ.

बाईंनी चष्मा सारखा केला. कागद वाचला. मग हात पिशवीत घातला आणि पेन्सिल काढली. पेन्सिलीनं सही चालेल का, एवढाही विचार मी करून टाकला. त्यांनी कागद ट्रंकेवर ठेवला, दोन ठिकाणी तांबडी खूण केली, एका शब्दात राहिलेलं अक्षर भरलं आणि घडी करून मला परत दिला.

"तपासलंय," त्या म्हणाल्या.

सही नव्हती.

यष्टी आली. ट्रंक टपावर गेली. बाई खिडकीशी बसल्या, मांडीवर डबा, डब्यावर छत्री आडवी. गाडी हलली तशी कोंडाबाई खिडकीचा गज धरून गाडीबरोबर चालायला लागली. तोंडानं काही तरी पुटपुटत होती. बाईंनी छत्रीच्या मुठीनं पुढच्या पत्र्यावर दणके घातले, गाडी थांबवा म्हणून. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. सगळी गाडी बाईंकडं बघायला लागली. बाई खिडकीतनं वाकून कोंडाबाईला म्हणाल्या, सांगा, काय म्हणता?

"काई न्हाई, बाई. नुस्तं बगायचं हुतं."

बाई थांबल्या. गाडी थांबवून, सगळ्या उतारूंना आणि घड्याळ दाखवणाऱ्या कंडक्टरला तसंच ठेवून, कोंडाबाईचं बघून होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "चला." गाडी गेली. नंतर त्या मला पुन्हा दिसल्या नाहीत.

घरी परतताना मी आणि आमची मंडळी, दोघंच रस्त्यानं. वेशीपाशी आल्यावर तिनं हात पुढं केला आणि कागद मागितला. मी दिला. तिला इंग्रजी येत नाही. तिनं तो उलगडून तांबड्या खुणांकडं नुसतं पाहिलं.

यात काय लिहिलंय, तिनं विचारलं.

मी सांगितलं: माझ्या हातून जे लिहिलं गेलं ते चुकीचं होतं, त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे, पुन्हा असं होणार नाही.

तिनं कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवली.

"मग त्यांनी सही केली नाही ते बरोबरच आहे," ती म्हणाली. "यावर सही तुमची पाहिजे."